मुकादम, संचालिका की टीम लीडर? पंचवीस-तीस माणसांचं युनिट हातात आलेल्यांसाठी

माझ्या भाच्याकडे दिवाळीनंतर २६ माणसांचं पॅकिंग युनिट आलं. पहिले चार महिने झकास गेले. माल परत येणं कमी झालं, पसारा आवरला, जमिनीवर पिवळे पट्टे आखले गेले. पाचव्या महिन्यात त्या पट्ट्यांवर पुन्हा खोकी दिसायला लागली, हात चांगला असलेल्या दोन मुली काम सोडून गेल्या आणि मग मला फोन आला. "मामा, एखादा लीडरशिपचा कोर्स करून टाकू का?"

कर की. पण दोन दिवसांच्या कोर्सातलं बहुतेक सगळं फायलीत जाऊन बसतं, हे मी कारखान्यात केस पांढरे करताना बऱ्याचदा पाहिलंय. त्याला म्हटलं, आधी तीन चालत्या व्यवस्था शेजारी-शेजारी ठेवून बघ: मुंबईचे डबेवाले, लिज्जत पापड आणि टोयोटा. तिन्हीकडे काम पिढ्यानपिढ्या टिकलंय. तिन्हीकडे माणसांवर एक प्रमुख असतो, मात्र तो दिवसभर काय करतो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुधारणा टिकवायची आणि माणसंही टिकवायची, तर यातलं कोणाचं काय उचलायचं, एवढाच प्रश्न.

तिघांची ओळख

डबेवाल्यांचं काम १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं. माणसं मुख्यतः मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली. काम गटागटानं चालतं आणि प्रत्येक गटाला एक मुकादम. हा मुकादम स्वतःही डबे उचलतो. हे लक्षात राहू द्या, पुढे लागेल.

लिज्जतची सुरुवात १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर झाली. सात बायका आणि उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, काम चालू. आज प्रत्येक शाखेला एक संचालिका असते आणि ती पापड लाटणाऱ्या बहिणींमधूनच (तिथे सभासद बायकांना बहीण म्हणतात) निवडलेली असते.

टोयोटात पाच-सात कामगारांमागे एक टीम लीडर असतो. ठरलेलं स्टेशन त्याला नसतं. कोणी हाक मारली की तिथे पोचायचं, हेच त्याचं काम.

खाडा पडला की

मला विचाराल तर युनिटमध्ये आपुलकी आहे की नाही, हे वाढदिवसाच्या केकवरून कळत नाही. ते सोमवारी सकाळी तीन माणसं आली नाहीत की कळतं.

डबेवाल्यांच्या गटात काही माणसं जादा धरलेलीच असतात. डबा जेवणाच्या वेळेआधी पोचलाच पाहिजे. लोकल फलाटावर थांबते काही सेकंद, तिथे "आज माणूस कमी आहे" हे कारण कोणाला सांगणार? त्यामुळे बदली माणूस ही त्यांच्याकडे सोय नाही, तो पायाच आहे. एप्रिलमध्ये गावच्या जत्रा आल्या की सगळे मिळून काही दिवस सुट्टी घेतात आणि गिऱ्हाइकांना तसं आधी कळवतात. वर्षानुवर्षं डबा घेणारे लोक हे मुकाट्यानं मान्य करतात. रजा मागताना मान खाली घालावी लागत नाही, ही मला या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

टोयोटात टीम लीडर स्वतः त्या जागी उभा राहतो. लिज्जतमध्ये बहीण शाखेतून पीठ नेऊन घरी लाटते, त्यामुळे आज पीठ नेलं नाही तर कोणी खोदून विचारत नाही. लेकराला ताप आला तर सुपरवायझरच्या पाया पडायला नको. पण लाटले नाहीत तर त्या दिवसाची लाटणावळही नाही, हेही त्यातच आलं.

भाच्याकडे काय चालायचं? शेजारची बाई दोन टेबलं ओढायची, संध्याकाळी ओव्हरटाइम लागायचा आणि खाडा करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ऐकवलं जायचं. त्याच्याकडून हजेरीपट मागवला. रोज सरासरी दीड माणूस गैरहजर. ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट दरानं द्यावा लागतो, म्हणजे दीड माणसाचं काम भरून काढायला तीन माणसांचा पैसा. गैरहजरांचा वाचलेला पगार वजा केला तरी दीड माणसाचा खर्च अंगावर राहतोच. त्यापेक्षा सगळी टेबलं येणारा सत्ताविसावा माणूस स्वस्त. हा हिशेब त्यानं भागीदाराला दाखवला तेव्हा भागीदार म्हणाला, "पण सगळे आले त्या दिवशी तो काय करणार?" बरोबर प्रश्न आहे. त्या दिवशी तो नव्या मुलांना शिकवेल.

चूक झाली की

इथे टोयोटाला तोड नाही. याचं मूळ मोटारीच्याही आधीचं, मागावरचं आहे. टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पूर्णत्वाला नेला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. इचलकरंजीच्या माणसाला याचं मोल समजावून सांगावं लागत नाही. तुटक्या धाग्यावर कापड विणत राहिलं की पुढचं सगळं फुकट. हाच विचार पुढे मोटारीच्या लाईनवर आला. कामगाराला खोट दिसली की तो दोरी ओढतो, दिवा लागतो, टीम लीडर येतो. ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला तर लाईन चालू राहते, नाही तर थांबते. या व्यवस्थेला अँडॉन म्हणतात.

मी एका प्रेस शॉपमध्ये असताना आम्हीही हे बसवलं. प्रत्येक मशीनला लाल बटण, वर दिवा, शिवाय हूटर. उद्घाटनाला नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी एका नव्या पोरानं बटण दाबलं, पत्र्याला बारीक चीर जात होती म्हणून. पोराचं बरोबर होतं. सुपरवायझर शॉपच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडत आला, "कोणी दाबलं रे?" झालं. पुढचे दोन महिने एकानंही बटणाला हात लावला नाही. एकदा मी सहज बोट फिरवलं तर बटणावर तेलकट धुळीचा थर होता. रिजेक्शन मात्र रोज निघतच होतं.

आम्ही नवीन काहीच आणलं नाही. हूटर काढून टाकला आणि सुपरवायझरशी एवढंच ठरवलं: पोचल्यावर पहिलं वाक्य "बोल, काय झालं?" दुसरं काही नाही. तो जुना, कडक माणूस. आठवडाभर ते वाक्य त्याच्या तोंडून शिवी दिल्यासारखंच यायचं. मग हळूहळू सुधारलं. महिन्याभरानं दिवे लागायला लागले, आणि पहिले काही दिवस इतके लागले की मॅनेजर घाबरले. दिवे वाढणं ही चांगली खूण आहे, हे त्यांना पटवताना नाकी नऊ आले.

लिज्जतमध्ये चूक पकडली जाते ती काउंटरवर. बहीण आदल्या दिवशीचे पापड घेऊन येते, वजन होतं, दर्जा बघितला जातो, मजुरी मिळते, नवीन पीठ मिळतं. चूक आणि तिची जाणीव यांत एका रात्रीचं अंतर. सुरुवातीच्या दिवसांत या बायका दोन प्रतींचे पापड करायच्या, हलका माल स्वस्तात विकायला. त्यांना पाठबळ देणारे छगनबापा पारेख यांनी ते थांबवायला लावलं: एकच प्रत, आणि तिच्यात तडजोड नाही. "हे दुसऱ्या दर्जात खपेल" ही वाट बंद झाली की लाटणारीला आणि तपासणारीला रोज नवा वाद घालावा लागत नाही. नियम स्पष्ट असला की बोलणं आपोआप मऊ होतं, हे मी माझ्या अनुभवानंही सांगेन.

डबेवाल्यांकडे दंड आहे. टोपी नाही, कामावर दारू पिऊन आला, तर पैसे भरा. हे वाचून लगेच आपल्या युनिटात दंडाची पाटी लावू नका. तिथे दंड करणारा आणि भरणारा बरोबरीचे असतात, कमाईतले वाटेकरी असतात. पगारी माणसाचा दंड ही वेगळी गोष्ट, आणि पगारातून कापायला कायद्यानंही मर्यादा घातल्या आहेत. (डबेवाल्यांच्या अचूकतेचे जे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात, तेही भाषणापुरते ठेवा. शिकण्यासारखी गोष्ट आकड्यात नाही. डबा चार हातांतून जातो आणि झाकणावरची खूण चारही हातांना वाचता येते, यात आहे.)

पैसा आणि निर्णय

लिज्जतमध्ये नफा बहिणींत वाटला जातो, डबेवाल्यांच्या गटात कमाई सारखी वाटली जाते. टोयोटा ही पगार देणारी कंपनी आहे. दोरी ओढायचा हक्क दिला म्हणजे पगाराचा प्रश्न मिटला, असं कोणाला वाटत असेल तर बंगळूरजवळच्या बिडदीच्या टोयोटा किर्लोस्करकडे बघावं. तिथे २०१४ मध्ये वेतनाच्या वादातून टाळेबंदी झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा झाली. उत्तम पद्धत आणि असंतोष एका छपराखाली राहू शकतात.

लिज्जतचे निर्णय तत्त्वतः एकमतानं होतात, एका बहिणीची हरकतसुद्धा पुरते. ऐकायला छान, पण मालाची गाडी दारात उभी असताना हे चालणार नाही. पगारी युनिटमध्ये "आपण सगळे मालक" असं भाषण तर अजिबात करू नका. दिवाळीचा बोनस जाहीर झाला की ते तुमच्याच तोंडावर फेकलं जाईल.

प्रमुख गेला तर

सुधारणा टिकली का, हे ती सुरू करणारा गेल्यावरच कळतं. लिज्जत इथे सरस आहे. सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा संस्था साठी ओलांडून गेली होती आणि शाखाशाखांतून लाटणाऱ्याच बायका संचालिका झाल्या होत्या. वरून माणूस आणून बसवावा लागला नाही.

टोयोटाची गोष्ट गंमतीची आहे. जनरल मोटर्सनं कॅलिफोर्नियातला फ्रीमाँट कारखाना १९८२ मध्ये बंद केला. तिथे खाड्यांचं प्रमाण इतकं होतं की काही दिवशी लाईन सुरू करायलाच माणसं पुरायची नाहीत. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. त्यांच्यातल्या काही जणांना जपानला नेऊन टोयोटाच्या लाईनवर उभं केलं होतं. थोड्याच काळात दर्जा सुधारला आणि खाडे कमालीचे घटले. पुढे विक्री घसरली तेव्हाही त्यांनी माणसं काढली नाहीत, मोकळा वेळ प्रशिक्षणात घातला. एवढं सगळं घरात असूनही जनरल मोटर्सला आपल्या बाकीच्या कारखान्यांत ते लवकर रुजवता आलं नाही. दोऱ्या लावता येतात. दोरी ओढल्यावर धावत येणारा माणूस तयार करायला वेळ लागतो.

डबेवाल्यांचं दुखणं वेगळं. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि काम एका दिवसात बसलं. पुढे कचेऱ्या घरून चालू लागल्या, बरेच जण गावी शेतीकडे वळले. त्यांच्या आपसातल्या मायेत काही कमी नव्हतं, पण गिऱ्हाईकच नसेल तर मुकादम काय करणार?

मग काय घ्यावं

तुम्ही बचत गट किंवा सहकारी संस्था चालवत असाल, जिथे माणसं खरोखरच वाटेकरी आहेत, तर लिज्जतकडून जास्तीत जास्त घ्या. दोनशे माणसं असतील आणि बारीक खोट महागात पडणारा माल असेल, तर टोयोटा. खर्च होईल, तो करा.

पंचवीस-तीस पगारी माणसांसाठी माझं मत मुकादमाकडे झुकतं. आधी सुपरवायझरला खुर्चीतून उठवून लाईनवर आणा आणि जादा माणूस भरा. दोन्ही एकाच महिन्यात. बटणं, दिवे, सूचनापेटी हे नंतर. लिज्जतकडून मात्र एक गोष्ट सगळ्यांनीच घ्यावी: पुढचा सुपरवायझर आत्ताच्या टेबलावरच्या बायकांतून निवडायचा, हे आजच ठरवून सगळ्यांना सांगून टाकावं.

भाच्यानं सत्ताविसावी म्हणून एका अनुभवी बाईंना घेतलं, त्यांना सगळी टेबलं येतात. सुपरवायझरचं टेबल आता स्टोअरमध्ये पडून आहे. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, बटणं आणि दिव्यांचं कोटेशन मागवलं होतं म्हणे.

"या महिन्यात चुकीचं लेबल लागलं होतं का कुठे?" मी विचारलं.

"एकदा. पूर्ण खोकं उलटं करावं लागलं."

"कोणी सांगितलं तुला?"

"सांगितलं नाही कोणी. मीच पकडलं."

"मग कोटेशन राहू दे अजून," मी म्हटलं.