एकाच टेम्प्लेटवर सगळी डॉक्युमेंट्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिब्रेऑफिस रायटर या मोफत लेखन-प्रोग्राममध्ये अहवाल, पत्रे आणि टिपणे एकाच टेम्प्लेटवरून करायला लागून बरेच महिने झाले. टेम्प्लेट म्हणजे भरायचा कोरा फॉर्म, एवढ्याच समजुतीने ते वापरले तर विशेष काही हाती लागत नाही. कामाच्या असतात त्यातल्या स्टाइल, म्हणजे फॉन्ट, आकार वगैरे एका नावाखाली बांधून ठेवलेले संच.

एफ११ दाबले की त्यांची यादी उघडते. मुळाशी ‘डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’, बाकीच्या बहुतेक तिच्यावर बेतलेल्या. हेडिंगला मात्र रायटरने आधीच वेगळा फॉन्ट दिलेला असतो. तो ‘हेडिंग’ या स्टाइलमध्ये एकदा बदलला की हेडिंग १, २, ३ आपोआप बदलतात. एकेकीला हात लावायची गरज नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे थांबून नीट बघावे. स्टाइलच्या फॉन्ट टॅबमध्ये रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा आणि ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’चा वेगळा असतो. देवनागरी दुसऱ्यातून येते. आकार, बोल्ड, इटॅलिक हेही दोन्हीकडे स्वतंत्र. फक्त पहिलाच बदलून ‘फॉन्ट लागत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. दुसरा रकाना दिसतच नसेल तर भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पर्याय सुरू करावा लागतो.

टेम्प्लेट सुधारले की त्यावरून केलेले जुने डॉक्युमेंट पुढच्या वेळी उघडताना रायटर विचारतो: स्टाइल अद्ययावत करू की जुन्याच ठेवू? सोय उत्तम, पण घाईत ‘जुन्याच ठेवा’ दाबले गेले की त्या डॉक्युमेंटसाठी हा प्रश्न पुन्हा येत नाही. एवढ्या मोठ्या निर्णयाला एवढीशी खिडकी, हे मला अजून पटलेले नाही. मग ‘लोड स्टाइल्स’मधून त्या हाताने आणायच्या. तिथे ‘ओव्हरराइट’वर खूण केली नाही, तर त्याच नावाच्या जुन्या स्टाइल तशाच राहतात.

दुसऱ्याच्या हातून फिरून आलेल्या फाइलवर या सगळ्याचा निम्माच परिणाम होतो. कोणी ओळ निवडून थेट बोल्ड केलेली असते, कोणी आकार वाढवलेला असतो, आणि असे थेट फॉरमॅटिंग स्टाइलला जुमानत नाही. कंट्रोल-एम दाबून ते काढता येते, मात्र त्याबरोबर हवे असलेले इटॅलिकही जाते. ७.६ आवृत्तीपासून आलेली ‘स्पॉटलाइट’ची सोय अशा जागा रंगाने दाखवते. माझ्या मते तेवढ्यासाठीसुद्धा जुनी आवृत्ती बदलावी.

वर्डमध्ये ‘स्टाइल अद्ययावत करू का’ असा प्रश्न येत नाही. टेम्प्लेट जोडण्याच्या खिडकीत स्टाइल आपोआप अद्ययावत करण्याचा चौकोन आहे. त्यावर खूण केली की डॉक्युमेंट उघडताना टेम्प्लेटमधल्या स्टाइल न विचारता लागू होतात.

रायटरच्या टेम्प्लेटमधला मजकूर मात्र जुन्या डॉक्युमेंटपर्यंत पोचत नाही, पोचतात त्या फक्त स्टाइल. लोगो किंवा पत्ता बदलला तर जुन्या फाइली एकेक करून उघडाव्याच लागतात.