दुकान बंद झाल्यानंतर: ओओ९ रेल्वेचे साहित्य टपालाने मागवण्याचा अनुभव

इंग्लंडमध्ये राहून नेरळ-माथेरान मार्गाचा एक तुकडा ओओ९ या मॉडेल रेल्वेच्या मापात उभारताना गेले काही महिने मी सगळे साहित्य टपालाने, प्रदर्शनांतून आणि जुन्या वस्तूंच्या विक्रीतून जमवत आहे, कारण आमच्या भागातले मॉडेल रेल्वेचे दुकान बंद झाले. लहान दुकानांवरच ही वेळ आली आहे असे नाही. १९४६ पासून चालत आलेल्या मूळच्या लिव्हरपूलच्या हॅटन्स या मोठ्या मॉडेल रेल्वे दुकानानेही जानेवारी २०२४ मध्ये व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात भरणारे वॉर्ली मॉडेल रेल्वे क्लबचे मोठे प्रदर्शन २०२३ नंतर तिथे भरलेले नाही. त्यामुळे काय टपालाने मागवावे आणि काय मागवू नये, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगणे मला आवश्यक वाटते.

ओओ९ म्हणजे १:७६ प्रमाण आणि ९ मिमी रूळरुंदी. माथेरानचा ६१० मिमीचा मार्ग या प्रमाणात खरे तर ८ मिमी येतो. पण एका मिलिमीटरचा हा फरक स्वीकारला की एन या ९ मिमी रूळरुंदीच्याच लहान मापाची तयार यंत्रणा वापरता येते, आणि सध्याच्या टंचाईत मला सर्वांत मोठा आधार तिचाच वाटतो. माझे डिझेल इंजिन जपानच्या कातो कंपनीच्या एन मापाच्या लहान चासीवर (मोटर आणि चाके असलेल्या सांगाड्यावर) बसवले आहे. बॉडी स्टायरीन प्लास्टिकच्या पत्र्यातून घरीच केली.

पेको कंपनीच्या लवचिक रुळांबद्दल मी समाधानी आहे. ९१४ मिमी लांबीचे हे रूळ टपालाने मागवताना एकेक न घेता गठ्ठ्याने घ्यावेत, कारण एकच रूळ पातळ वेष्टनातून आला तर वाटेत वाकतो आणि त्याची धातूची कड स्लीपरच्या खाचेतून सरकून बाहेर येते. थोडी सरकलेली कड हलक्या हाताने मागे ढकलता येते. मात्र वाकलेला भाग सरळ केला तरी त्या जागी डबा किंचित डुलतो, म्हणून तेवढा तुकडा कापून टाकणेच बरे. कापल्यावर टोक कानशीने घासून घ्यावे, शेवटच्या स्लीपरवरची पकड चाकूने काढावी आणि मगच जोडपट्टी सरकवावी. जोडपट्ट्या कोड ८० या उंचीच्या रुळांच्याच, म्हणजे एन मापाच्याच लागतात, ही गोष्ट पूर्वी दुकानदार न विचारता सांगत असे. आता ती ग्राहकालाच माहीत असावी लागते, आणि चुकीचे पाकीट आले तर काम आठवडाभर अडून राहते. दुकान गेल्याची खरी झळ मला अशा छोट्या वस्तूंतच बसली. पाकिटापेक्षा टपालखर्च जास्त होतो.

इंजिन आणि चासी यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. दुकानात काउंटरवरच्या रुळावर चालवून दाखवत. ती सोय आता नाही. एका विक्रेत्याकडून आलेली चासी मंद वेगात धक्के देत होती, ती परत करावी लागली. ब्रिटनमध्ये व्यावसायिक विक्रेत्याकडून दुरून केलेली खरेदी माल मिळाल्यापासून १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क २०१३ च्या नियमांनी दिला आहे, म्हणून पार्सल उघडताच दोन्ही दिशांनी, अगदी कमी वेगात, चासी चालवून पाहावी. बॉडी बसवण्याचे काम त्यानंतरच हाती घ्यावे.

रंग मात्र मी टपालाने घेत नाही. एनॅमल रंग आणि फवारणीचे डबे ज्वलनशील असल्याने ते पाठवण्यावर निर्बंध आहेत, आणि माथेरानच्या लाल मातीची व जांभ्याची छटा पडद्यावर पाहून ठरवता येत नाही. त्यासाठी मी प्रदर्शनाची वाट पाहतो.

जुन्या वस्तूंसाठी १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ००९ सोसायटी या ओओ९ हौशींच्या संस्थेची सभासद-विक्री मला सर्वांत भरवशाची वाटली, कारण वस्तू हाताळणारे लोक तिचा दोष आपणहून सांगतात. अजून चालू असलेल्या दुकानांपैकी काही फोनवर मागणी घेतात. दोन पैसे जास्त पडले तरी तारा, स्विच आणि जोडपट्ट्या मी त्यांच्याकडूनच घेतो, आणि महिन्याभराची यादी एकदम देतो, म्हणजे टपालखर्चही एकदाच येतो.