क्यूएसडीसॅन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांडपाणी प्रक्रियेचा खर्च आणि पर्यावरणीय भार एकत्र मांडण्यासाठी मी पूर्वी एक सशुल्क सॉफ्टवेअर वापरत असे. त्यातला नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूच्या उत्सर्जनाचा गुणक वापरकर्त्याला बदलता येत नसे. तो खुला करावा या माझ्या तक्रारीला कंपनीने नूतनीकरणाचे बिल पाठवून उत्तर दिले आणि मी त्याच कामाच्या मोफत, मुक्तस्रोत क्यूएसडीसॅन या सॉफ्टवेअरकडे वळलो.

एका गुणकासाठी एवढा हट्ट का, तर हिशेब असा आहे. दहा हजार वस्तीचे रोजचे दहा लाख लिटर सांडपाणी आणि लिटरमागे 40 मिलिग्रॅम नायट्रोजन धरल्यास दिवसाला 40 किलो नायट्रोजन प्रक्रिया केंद्रात येतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या मार्गदर्शक सूचनांतील 2019 च्या सुधारणेनुसार त्यातला 1.6 टक्के नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो; ऑक्सिजनचे वजन धरून हा वायू जेमतेम एक किलो भरतो, पण तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो म्हणून 273 ने गुणल्यावर तो 275 किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा ठरतो. घनमीटरमागे 0.4 युनिट वीज आणि युनिटमागे 0.7 किलो उत्सर्जन धरले, तर पाण्यात हवा सोडणारे ब्लोअर आणि पंप मिळून 280 किलोच होतात. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या, आयपीसीसीच्याच 2006 च्या माणशी वर्षाला 3.2 ग्रॅम या आकड्याने मात्र तोच वायू 24 किलोंत आटोपतो, आणि मग प्रत्येक अहवाल केवळ वीजबचतीचा सल्ला देतो.

पायथन या संगणकभाषेत ओळी लिहाव्या लागतात हे पाहून सुरुवातीला मी क्यूएसडीसॅनला विद्यार्थ्यांचे साधन म्हणून बाजूला ठेवणार होतो. युगांडातील कंपालाच्या ब्वाइसे वस्तीचे तयार उदाहरण चालवल्यावर मत बदलले, कारण तिथे प्रत्येक गृहीतकाला एका आकड्याऐवजी पल्ला देता येतो आणि खर्च व उत्सर्जन दोन्ही कशाने हलतात ते एकत्रच दिसते. माझ्या प्रतिमानात स्ट्रुव्हाइटच्या, म्हणजे सांडपाण्यात मॅग्नेशियमचा क्षार घालून मिळणाऱ्या फॉस्फरसयुक्त खताच्या, विक्रीने काहीच हलले नाही. त्या क्षाराचा भाव थोडा वाढवताच ते उत्पन्न पुसले गेले. खतविक्रीवर केंद्र चालेल असे सांगणाऱ्या सल्लागारांनी हा आलेख जरूर काढावा.

किमती डॉलरमध्ये येतात, त्यामुळे आपल्याकडचे बांधकामाचे आणि विजेचे दर स्वतः भरावे लागतात. ज्यांच्याकडे पायथन जाणणारा एकही माणूस नाही, त्यांना हे फुकटचे साधन पगाराच्या रूपाने महाग पडेल.