वेल्डिंग मशीनचे एचआरसी फ्यूज: आठ महिने वापरल्यावर

आमच्याकडे ४०० अँपिअरचे तीन मिग रेक्टिफायर (वायर आपोआप पुढे सरकवणारी वेल्डिंग मशीन) आणि एक इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे. आठ महिन्यांपूर्वी चारही मशीनचे सप्लायकडचे एचआरसी फ्यूज (मोठा शॉर्ट सर्किट करंटही सुरक्षित तोडणारे, आत वाळू भरलेले सिरॅमिकचे फ्यूज) एकदम बदलले, कारण जुन्यांना काही ताळतंत्रच उरलं नव्हतं. एका मशीनला ६३ चे दोन आणि ३२ चा एक. दुसऱ्याच्या बेसमध्ये (फ्यूज ज्यात बसतो त्यात) तर फ्यूजच्या जागी चक्क तांब्याची पट्टी! ती कुणी ठोकली हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

रेटिंग ठरवताना फार डोकं लावावं लागलं नाही. नेमप्लेटवर इनपुट करंटचे दोन आकडे असतात, एक मॅक्स आणि एक इफेक्टिव्ह. आमच्या मिगवर ३० आणि २३. ड्यूटी सायकल ६० टक्के, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, ०.६ चं वर्गमूळ साधारण ०.७७, त्याने ३० ला गुणलं की २३ येतात. केबल आणि फ्यूज या दुसऱ्या आकड्यावरून निवडायचे. म्हणून ३२ अँपिअरचे, जीजी क्लासचे (ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट दोन्ही तोडणारे), ब्लेडवाले (दोन्ही टोकांना धातूची पाती असलेले) घेतले.

पहिले तीन आठवडे मस्त गेले. मग दोन नंबरच्या मशीनवरचा वेल्डर येऊन म्हणाला, "आर्क फडफडतोय, बीड (वेल्डची रेघ) बसतच नाही." त्याने व्होल्टेज वाढवून पाहिलं होतं, वायर फीड कमी करून पाहिलं होतं. मशीनजवळ गेल्यावर आवाजावरूनच कळलं, नेहमीची गुणगुण जाऊन जड घरघर लागली होती. मधल्या फेजचा फ्यूज गेला होता आणि मशीन बिचारं दोन फेजवर ओढत होतं. नवा फ्यूज टाकला. बारा दिवसांनी पुन्हा तोच. मग तिसऱ्यांदा तोच.

तोवर मी फ्यूजलाच शिव्या घालत होतो. माल खराब आलाय, परत पाठवू, इथपर्यंत मजल गेली होती. टाँग टेस्टर (वायरभोवती पकडून करंट मोजायचा मीटर) लावला तर तिन्ही फेजवर २१-२२ अँपिअर, अगदी सारखे. ३२ चा जीजी फ्यूज नियमाने सव्वापट करंट तासभर सोसतो. मग २२ वर का उडतोय?

शेवटी गेलेला फ्यूज बाकावर फोडून पाहिला. (ज्याला हे करायचंय त्याने चष्मा लावूनच करावं, सिरॅमिकचे तुकडे उडतात.) शॉर्ट सर्किटमध्ये गेलेल्या फ्यूजची वाळू पट्टीभोवती वितळून काचेसारखी गच्च गोळा होते आणि पट्टीवरच्या सगळ्याच खाचा उडालेल्या असतात. इथे वाळू बरीचशी मोकळी होती आणि पट्टी फक्त एकाच जागी तुटलेली, मधल्या कथलाच्या ठिपक्यापाशी. कथील २३२ अंशांना वितळतं आणि पट्टीच्या धातूत मुरतं, म्हणून सावकाश तापलेला फ्यूज तिथेच तुटतो. म्हणजे शॉर्ट नव्हता. फ्यूज तापून तापून गेला होता.

मग ब्लेड नीट पाहिलं. एका बाजूचं लख्ख, दुसऱ्या बाजूचं तपकिरी-निळं. बेसमधल्या त्या बाजूच्या क्लिपची स्प्रिंग मऊ पडली होती. पुलरने (फ्यूज ओढायच्या मुठीने) फ्यूज ओढला की बाकीच्या दोन फेजला चांगला जोर लागायचा, हा मात्र लोण्यातून सुरी निघावी तसा निघायचा. तीन वेळा हाताने काढला आणि तिन्ही वेळा माझ्या लक्षात आलं नाही, याचं मलाच नवल वाटतं. ढिल्या क्लिपपाशी उष्णता तयार व्हायची आणि ब्लेडमधून आत शिरायची. बेस बदलला, लगचे (केबलच्या टोकाच्या जोडाचे) नट आवळले. त्याला आता सहा महिने होत आले, त्या मशीनचा एकही फ्यूज गेलेला नाही.

त्यामुळे या फ्यूजला माझ्याकडून चांगलेच मार्क, पण जुन्या बेसमध्ये नवे फ्यूज टाकून निवांत बसू नका. आधी क्लिपची पकड पाहा.

तक्रारी आहेतच. वरची लाल इंडिकेटर पिन ग्राइंडिंगच्या धुळीत अडकते. दोनदा फ्यूज गेलेला असताना पिन जागची हलली नव्हती. आता मी पिनवर विश्वास ठेवत नाही. सप्लाय बंद करून फ्यूज बाहेर काढतो आणि मगच मल्टीमीटर लावतो. जागेवरच बीप पाहिली तर ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून वाट मिळून गेलेला फ्यूजही चांगला दाखवतो. दुसरी तक्रार पॅकिंगची. एका बॉक्समधला एक फ्यूज कानाशी हलवला तर आत वाळू खुळखुळत होती. वाळू ठासून भरलेली असायला हवी, तिच्यावरच तर आर्क विझायची भिस्त. तो वापरलाच नाही.

इन्व्हर्टरच्या बाबतीत मी स्वतः घोडचूक केली. आयजीबीटी (इन्व्हर्टरमधले करंट चालू-बंद करणारे सेमीकंडक्टर) वाचतील या आशेने तिथे फास्ट म्हणून एआर क्लासचे फ्यूज आणले. नशीब, लावण्याआधी कॅटलॉग वाचला. एआर फक्त शॉर्ट सर्किट तोडतो, ओव्हरलोडचं काम त्याचं नाही, म्हणजे केबल वाऱ्यावर. आणि खरं सांगायचं तर सप्लायकडचा फ्यूज उडेपर्यंत आयजीबीटी केव्हाच गेलेला असतो. फ्यूजमुळे पुढची आग टळते, इतकंच. तिथेही जीजीच लावले.

वायर फीडरच्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा छोटा काचेचा फ्यूज घेताना टोपीवरचं अक्षर पाहा. टी म्हणजे स्लो, एफ म्हणजे फास्ट. स्टोअरमधून एकदा एफ आला आणि मशीन ऑन करताक्षणी उडायला लागला, कारण ट्रान्सफॉर्मर चालू होतानाचा झटका त्याला सोसत नाही. अक्षर इतकं बारीक असतं की मी मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचतो.

शॉर्टमध्ये एक फ्यूज गेला तर मी तिन्ही बदलतो. उरलेल्या दोघांनीही तोच फटका थोडाफार खाल्लेला असतो. स्टोअरवाल्याला ते पटत नाही, तो बाजूला काढलेले दोन "चांगले आहेत" म्हणून जपून ठेवतो. परवा मी त्यांच्यावर मार्करने फुल्या मारल्या. आता तीन नंबरच्या मशीनचा बेस बदलायचाय, तिथला उजवा फ्यूजही हल्ली जरा सहजच निघतो.