फॉक्सप्रोवरून पायथनवर: दूध संस्थेच्या बिलांचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमच्या गावच्या दूध संस्थेचा हिशोब वीस वर्षं व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रामवर चालला. सकाळ-संध्याकाळचं संकलन, पशुखाद्य आणि उचलीची कपात, दर दहा दिवसांचं बिल, दिवाळीचा दर फरक (वर्षभराच्या दुधावर मिळणारी वाढीव रक्कम), सगळं त्यातच. गेल्या १ एप्रिलपासून हेच काम पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस यांच्यावर चाललंय. हे स्थलांतर मी केलं, म्हणून ज्यांच्या संस्थेत अजून डीबीएफ (फॉक्सप्रोच्या) फाइली आहेत त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आधी बदललं का ते. जुना प्रोग्राम बंद पडला नव्हता. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची आवृत्ती २००४ सालची. पुढची आवृत्ती येणार नाही हे मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्येच सांगितलं आणि २०१५ च्या जानेवारीत आधारही संपला. तरी ते आजच्या विंडोजवर उघडतं. पण वाडीवर दुसरं संकलन केंद्र सुरू झालं, दोन्हीकडची नोंद एकाच ठिकाणी हवी झाली, आणि ज्यांनी मूळ प्रोग्राम लिहिला ते काका आता या जगात नाहीत. दुरुस्तीला कुणी उरलं नव्हतं, हे खरं कारण.

कोड लिहायला अडीच महिने लागले. त्यानंतर जानेवारी ते मार्च दोन्ही प्रोग्राम जोडीनं चालवले. नऊ बिलं दोन्हीकडून काढली आणि ओळीला ओळ लावून पाहिली. हे केलं नसतं तर काय झालं असतं, ते पहिल्याच बिलात कळलं.

पैशाच्या हिशोबाला साधा फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नये म्हणून मी पायथनचा अचूक दशांशाचा डेसिमल घेतला होता. तो निर्णय बरोबरच होता. पण डेसिमल बरोबर मधोमध आलेला आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतो. म्हणजे ८.३५ चे ८.४ होतात, आणि ८.४५ चेही ८.४ च. फॉक्सप्रो ८.४५ चे ८.५ करायचा. गाईच्या दुधाचा आमचा मूळ दरच ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आहे, एसएनएफ त्याखाली गेला की प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, लिटरमागे ३० पैसे कमी. रोज वीस लिटर घालणाऱ्याच्या दुधाचा एसएनएफ ८.४५ आला तर त्याचे दिवसाला ६ रुपये जात होते, दहा दिवसांच्या बिलात ६०. एरर नाही, लाल अक्षर नाही, बेरीजही दिसायला बरोबर. त्यातून पोस्टग्रेसचा न्यूमेरिक प्रकार जुन्याच रीतीनं वर नेतो, त्यामुळे डेटाबेसमधून काढलेला अहवाल ८.५ म्हणत होता आणि छापलेलं बिल ८.४. दुरुस्ती एका ओळीची होती, राउंड हाफ अप (मधोमध असेल तर वर) सांगितलं की झालं. पण ज्याच्या घरात दुधाच्या पैशावर किराणा येतो त्याच्या बिलात ती चूक गेली असती, हे मला अजून आठवतं.

दुसरी गोष्ट नावांची. जुन्या फाइलीतली मराठी युनिकोडमध्ये नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवणाऱ्या फॉन्टमध्ये होती. त्यात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली आणि रफार अक्षराच्या नंतर. 'शिर्के' सरळ उलगडत नाही, दोन्ही खुणा उचलून योग्य जागी न्याव्या लागतात. बदलणारा प्रोग्राम मी लिहिला, पण 'कऱ्हाड'चं त्यानं 'कर्हाड' केलं. शेवटी सगळी सभासद यादी कागदावर छापली आणि सचिव मामांनी दोन संध्याकाळी बसून लाल पेनानं तपासली. त्या यादीत वारलेल्या सभासदांचीही नावं परत आली होती. डीबीएफमध्ये डिलीट केलेली नोंद पुसली जात नाही. तिच्या सुरुवातीला फक्त एक चांदणी (*) पडते, पॅक ही फाइल साफ करायची आज्ञा देईपर्यंत ती नोंद जागेवरच असते. माझ्या स्क्रिप्टनं चांदणी पाहिलीच नव्हती. एका नावाशी मामा बराच वेळ थांबले, मग म्हणाले, "हे माझे थोरले भाऊ." तो चुकीचा कागद मी जपून ठेवलाय.

रिकाम्या तारखांचं काम सोपं निघालं. फॉक्सप्रोत तारीख कोरी राहू शकते, पोस्टग्रेसमध्ये तिथे नल, म्हणजे 'मूल्य नाही' अशी खूण, ठेवला.

सगळ्यात जास्त नाराजी झाली ती एंटर बटणावर. पहाटे सहाला कॅन घेऊन रांग लागलेली असते. मामा स्क्रीनकडे बघत नाहीत, त्यांची नजर मापाकडे आणि बोटं आकड्यांवर: कोड, एंटर, लिटर, एंटर, फॅट, एंटर. माझा नवा फॉर्म ब्राउझरमधला. तिथे एंटर दाबलं की फॉर्मच जमा होतो. पहिल्या सकाळी नुसते कोड असलेल्या नोंदींचा ढीग पडला आणि रांग वेशीपर्यंत गेली. एंटरनं पुढच्या रकान्यात जायची सोय त्याच दुपारी केली, आणि माऊस लागेल असं एकही काम संकलनाच्या स्क्रीनवर ठेवलं नाही.

नऊ महिन्यांनंतर समाधान कशाचं आहे? वीज गेली तरी इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) पुन्हा बांधायला बसावं लागत नाही. रात्री आपोआप बॅकअप निघतो. वाडीवरचं दूध इथं लगेच दिसतं. बिल काढायचा वेग मात्र जवळपास तेवढाच आहे. जुना प्रोग्राम त्या बाबतीत खरोखर चपळ होता. छपाईत तर मागे गेलो. डॉट मॅट्रिक्सवर ब्राउझरमधून मराठी चित्रासारखी छापली जाते, एका पावतीला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

एक गोष्ट दिवाळीच्या तोंडावर समजली. दर फरकाच्या जुन्या कोडमध्ये ९०० च्या पुढचे कोड वगळणारी एक अट होती, कुठलीही टीप नव्हती. मी ती न कळताच जशीच्या तशी नव्यात आणली होती. यंदा याद्या काढताना चौकशी केली, तर निवृत्त सचिवांनी सांगितलं: सभासद नसलेल्यांचं दूध ९०० पासून लिहायचं, त्यांना दर फरक नसतो. आता ते नियमाच्या शेजारी मराठीत लिहून ठेवलंय, आणि सभासद आहे की नाही याचा वेगळा रकानाही केलाय. वाटप नव्या प्रोग्रामवरूनच झालं. पडताळणीसाठी वर्षभराचे आकडे जुन्या संगणकावर भरून तिथूनही यादी काढली होती. दोन्ही रुपयाला रुपया जुळल्या, तेव्हा मामांनी जुन्या संगणकाची वायर काढून गुंडाळून ठेवली.