नाशिकहून विमान पकडायचं तर सहार की नवी मुंबई? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. आमचे दोन मोठे ग्राहक कोचीला आहेत आणि मुलगा मणिपालला शिकतो, म्हणजे मंगळूरचं विमान. दिल्ली, हैदराबाद किंवा बंगळूरला जायचं असेल तर नाशिककरांनी आधी आपल्या ओझर विमानतळावरचं विमान बघावं. वेळ जुळली तर मुंबईचं नावही काढू नये. पण कोची आणि मंगळूरला ओझरहून थेट सोय नाही, त्यामुळे मुंबई आलीच. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळ प्रवाशांसाठी उघडला आणि जानेवारीपासून मी कधी तिकडून, कधी सहारहून, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावरून, अशी जाते आहे. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, नातेवाइकांत एकच प्रश्न येतो: "ताई, नवा बरा की जुना?"

माझं उत्तर ऐकून बरेच जण गोंधळतात. मी म्हणते, विमानतळ नंतर ठरवा, आधी भिवंडीजवळच्या वडप्याला किती वाजता पोहोचणार ते सांगा.

नाशिक ते वडपे हा भाग आता दोन्हीकडे जाताना सारखाच आहे, आणि खूप सुधारलाय. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. घोटी-इगतपुरीपर्यंत जुन्या हायवेनं यायचं, समृद्धीवर चढायचं, सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट कसाऱ्याच्या खाली निघायचं. कसारा घाटातलं पावसाळ्यातलं धुकं, चढणीला बंद पडलेला ट्रक आणि त्यामागे तासभर थांबलेली रांग हे ज्यांनी वर्षानुवर्षं सोसलंय त्यांना याची किंमत कळेल. टोल वेगळा भरावा लागतो, पण विमान पकडायचं असेल तेव्हा मी तो डोळे झाकून भरते. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून निघाल्यापासून आमण्याला उतरेपर्यंत किती वेळ लागेल, याचा अंदाज आता सहसा चुकत नाही.

अंदाज कोलमडतो तो पुढे. समृद्धी आमण्याला संपते आणि आपण वडप्याजवळ पुन्हा नाशिक हायवेवर येतो. वडपे ते ठाण्याचं माजिवडा हा सुमारे २४ किलोमीटरचा पट्टा म्हणजे भिवंडीची गोदामं, ट्रक, रुंदीकरणाची कामं आणि मध्येच अरुंद होणारे पूल. खारेगावपर्यंत तो दोन्ही विमानतळांच्या वाटेवर येतो, तो कुणालाच चुकत नाही. पण खारेगावला रस्ते फुटतात, आणि निवड खरी तिथे होते.

सहारला जायचं तर सरळ माजिवडा, मग पूर्व द्रुतगती महामार्ग, मुलुंड, विक्रोळी आणि तिथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता किंवा घाटकोपरकडून अंधेरी. मुलुंडच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना टोल नाही, त्यामुळे तिथली रांग गेली. पण हा रस्ता नोकरदारांचा आहे. सकाळी साडेआठ ते अकरा मुंबईच्या दिशेनं आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट दिशेनं तो भरून वाहतो. एरवी तासाभरात होणारं अंतर तेव्हा दोन तास खातं, कधी त्याहून जास्त.

नवी मुंबईला जायचं तर खारेगावहून मुंब्रा बायपास, शीळफाटा, मग महापेकडून ठाणे-बेलापूर रस्ता किंवा तळोजा-कळंबोलीकडून पनवेल. या वाटेत मुंबई येतच नाही. किलोमीटर थोडे जास्त असतील, पण सिग्नल आणि कोंडीचे चौक कमी. मात्र हा रस्ता कंटेनरचा आहे. उरणच्या बंदराकडून भिवंडी, नाशिक, गुजरातकडे जाणारा सगळा माल मुंब्रा बायपासवरून जातो. ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनं अडवून ठेवतात आणि दुपारी व रात्री सोडतात. म्हणजे सकाळी नऊला जेव्हा मुलुंडला गाडी हलत नाही, तेव्हा मुंब्रा बायपास बऱ्यापैकी मोकळा असतो. आणि रात्री अकराला पूर्व द्रुतगती महामार्ग रिकामा असतो तेव्हा मुंब्र्याला कंटेनरची रांग लागलेली असते. दोन्ही रस्त्यांची घड्याळं अशी उलटी चालतात. काही महिन्यांच्या जाण्यायेण्यातून मला कळलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच, आणि ती मी प्रत्येकाला आग्रहानं सांगते.

त्यामुळे माझा हिशेब असा बसलाय. विमान दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान असेल, म्हणजे वडप्याला सकाळी आठ-नऊला पोहोचणार असू, तर नवी मुंबई. कोचीला मी याच वेळेत जाते आणि गाडीत बसून घड्याळाकडे बघत राहण्याचा त्रास खरोखर संपलाय. विमान पहाटेचं किंवा रात्री उशिराचं असेल तर सहार. संध्याकाळच्या विमानासाठी दोन्हीकडे त्रास आहे. त्यातल्या त्यात नवी मुंबई, पण दुपारच्या कंटेनरमुळे तासभर जादा धरूनच निघावं.

आता रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी, कारण नाशिकरोडवरून जाणारा मोठा वर्ग गाडी करत नाही आणि करूही नये. इथे सहार निर्विवाद पुढे आहे. मुंबईची भुयारी ‘मेट्रो ३’ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि तिला दादर, विमानतळ टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन अशी तिन्ही स्थानकं आहेत. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडवरून सकाळी सातच्या सुमारास निघते. दादरला उतरायचं, पुलावरून पश्चिमेला यायचं, थोडं चालून मेट्रो पकडायची आणि थेट टर्मिनलखाली उतरायचं. रस्त्याच्या कोंडीशी कसलाही संबंध नाही. पूर्वी दादरहून टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत, सांताक्रूझला अडकत जायचो ते आठवलं की ही सोय किती मोठी आहे ते जाणवतं. दुपारी दीड-दोननंतरचं विमान असेल तर एकट्या माणसानं, पाठीवरची बॅग असेल तर, हाच मार्ग घ्यावा. पंचवटीला उशीर होऊ शकतो, म्हणून त्याआधीचं विमान मात्र घेऊ नये.

नवी मुंबईला रेल्वेनं जायचं तर ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल धरून नेरूळ, बेलापूर किंवा पनवेल गाठायचं आणि पुढे रिक्षा, टॅक्सी किंवा बस. सुटकेस घेऊन ठाणे स्टेशनचे पूल चढणं-उतरणं मला जमलं, पण माझ्या सासूबाईंना मी ते कधीच करायला लावणार नाही. मेट्रोनं जोडलं जाईपर्यंत रेल्वेच्या प्रवाशासाठी नवी मुंबई दूरच आहे.

आत गेल्यावरचा फरक. नव्या टर्मिनलची वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आहे आणि सुरुवातीला उड्डाणं मोजकी होती, अगदी पहिल्या दिवसांत तर विमानतळ सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच चालायचा. त्यामुळे दारापासून सुरक्षा तपासणी होऊन गेटपर्यंत पोहोचायला मला सहारपेक्षा नेहमीच कमी वेळ लागला. कमळाच्या कल्पनेवर बांधलेलं छत आणि भरपूर उजेड छान वाटतो, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते कमी चालणं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मंगळूरला नातवाकडे जाताना त्या नव्या टर्मिनलमध्ये व्हीलचेअरशिवाय गेल्या, आणि त्यांना त्याचा जो आनंद झाला तो बघून पुढचं तिकीटही मी तिथलंच काढलं. सहारचं टर्मिनल दोन २०१४ चं, भव्य, भिंतींवरच्या कलाकृती थांबून बघाव्यात अशा; पण गेटपर्यंतची चाल वयस्कर माणसाला दमवते. बरोबर ज्येष्ठ असतील तर हा मुद्दा रस्त्याच्या हिशेबाहून वर ठेवा.

उशिराचं काय? मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीचाच उपयोग होतो. त्यामुळे गर्दीच्या वेळी विमानं आकाशात घिरट्या घालतात किंवा जमिनीवर रांगेत उभी राहतात. उलट बाजूही सांगायला हवी. विमान रद्द झालं तर सहारहून त्याच दिवशी दुसरं मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त, कारण तिथे सगळ्या कंपन्यांची उड्डाणं आहेत. नव्या ठिकाणी पर्याय कमी. कोचीला दुसऱ्या दिवशी सकाळी ऑडिट असेल तर मी अजूनही सहारच धरते.

पैशांकडे बघा, पण तिकिटाच्या एकूण रकमेकडे बघा. प्रवाशांकडून घेतलं जाणारं विकास शुल्क नवी मुंबईला सुरुवातीच्या काळासाठी देशांतर्गत प्रस्थानाला ६२० आणि आगमनाला २७० रुपये ठरलं होतं. जुन्या विमानतळावर मे २०२५ पासून ते १७५ आणि ७५ रुपये होतं. हा फरक तिकिटातच मिसळलेला असतो. चार जणांचं कुटुंब जाऊन येणार असेल तर तो जाणवतो. नाशिकहून टॅक्सीचा दर मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच सांगतात. नाशिकच्या द्वारका चौकातून सुटणाऱ्या शेअर टॅक्सीवाल्यांना आधीच विचारून घ्या, कारण त्यांची नेहमीची वाट मुंबईची.

तिकीट काढताना एक काळजी नक्की घ्या. शोधताना "मुंबई" टाकलं की दोन्ही विमानतळांची उड्डाणं एकत्र येतात. बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. जुना असेल तर टर्मिनल एक की दोन तेही बघा. एक सांताक्रूझच्या बाजूला, दुसरं सहारला, आणि रस्त्यानं दोन्हींत चांगलंच अंतर आहे. आमच्या कारखान्यातल्या एकांनी स्वस्त पडतं म्हणून जाताना एका विमानतळाचं आणि येताना दुसऱ्याचं तिकीट काढलं होतं. गाडी पार्किंगला पहिल्या ठिकाणी. रात्री मुंबई ओलांडून गाडी आणायला गेले आणि घरी पोहोचेपर्यंत उजाडलं. स्वतःची गाडी लावणार असाल तर येणं-जाणं एकाच ठिकाणाहून ठेवा.

नवी मुंबईला उतरून बाहेर पडताना मला दर वेळी एक गोष्ट मनात येते, ती इथे लिहिते. ही जागा सपाट नव्हती. उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावं उठवली. विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून तिथल्या भूमिपुत्रांनी मोठी आंदोलनं केली. दिबांनी १९८४ साली जासईच्या लढ्यात शेतकऱ्यांना जमिनीचा न्याय्य मोबदला मिळवून द्यायला नेतृत्व केलं, त्यात पाच शेतकरी गोळीबारात गेले. आपला तासभर वाचतो तो त्या गावांच्या जमिनीवर, हे नाशिकच्या माणसानं विसरू नये. समृद्धीसाठी इगतपुरी-सिन्नरकडे जमिनी गेल्या तेव्हा आपल्याकडेही घराघरांत हीच चर्चा होती.

पुढे हा हिशेब बदलेल. वडोदऱ्याकडून येणाऱ्या द्रुतगती महामार्गाचा उरणच्या जेएनपीटी बंदराकडे जाणारा फाटा आमण्याजवळून बदलापूरमार्गे पनवेलच्या बाजूला उतरणार आहे. तो पूर्ण सुरू झाला की नाशिकहून नवी मुंबईला जाताना भिवंडी आणि मुंब्रा दोन्ही टळतील, आणि गाडीनं जाणाऱ्याला सहारचा विचार फारसा करावा लागणार नाही असं मला वाटतं. तोपर्यंत परतीसाठी माझा नियम असा आहे: विमान रात्री दहानंतर उतरणार असेल तर मी सहारचंच घेते. तेव्हा पूर्व द्रुतगती महामार्ग मोकळा असतो, आणि भिवंडी फार अडली नाही तर सव्वातीन-साडेतीन तासांत मी पाथर्डी फाट्याला असते.