जुन्या ब्लॉकला नवं माउंटिंग: भोकं पाडायची की प्लेट लावायची?

जुनं इंजिन परक्या चासीत बसवायचं ठरलं की माउंटिंगपाशी, म्हणजे इंजिन चासीला धरून ठेवणाऱ्या जोडापाशी, गाडं अडतंच. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव भागावर, बॉस (बोल्टसाठीचा भरीव उंचवटा) वेल्ड करण्याचा विचार मी आधीच बाजूला ठेवतो. ब्लॉकचं बीड (ओतीव लोखंड) तापवून, निकेलच्या रॉडने जोडून, सावकाश थंड केलं तरी वेल्डच्या शेजारी तडा जाण्याची धास्ती राहते, आणि नेमका तिथेच इंजिनचा झटका बसतो. मग उरतात दोन वाटा: ब्लॉकमध्येच नवे आटे पाडा, नाहीतर मूळच्या भोकांना जाड प्लेट बांधून माउंटिंग तिच्यावर घ्या. मी दोन इंजिनांवर दोन्ही करून पाहिलं.

भोकांचं काम दिसायला देखणं होतं, हे कबूल. ब्रॅकेट आखूड, इंजिनच्या पोटाला चिकटलेलं, पंख्यासमोरची जागा तशीच मोकळी. बीड कोरडंच कापलं जातं, काळी भुकटी पडते, 8.5 मिमीच्या भोकात एम10 चा, म्हणजे 10 मिमी बोल्टचे आटे पाडणारा, टॅप सुरेख चालतो. आटे बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी खोल हवेत, म्हणजे 15 मिमी. अडचण इथेच आहे. वॉटर जॅकेटची, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीची, भिंत त्याहून बरीच पातळ असते, आणि ओततानाच आतला वाळूचा गाभा जरा सरकला तर एकाच मॉडेलच्या दोन ब्लॉकांत ती सारखी भरत नाही.

माझ्या तीन भोकांपैकी तिसऱ्यात ड्रिल अचानक आत ओढलं गेलं आणि गंजाचं पाणी हातावर आलं. तसं काही बिघडलं नाही. आट्यांना सीलंट लावून बोल्ट कसला, गळती थांबली. पण पुढे माउंटिंगचं रबर बदलायची वेळ आली तेव्हा समजलं की हा बोल्ट काढायचा तर आधी ब्लॉकमधलं कुलंट रिकामं करायला हवं. मग आटे साफ करा, नवं सीलंट लावा, सुकेपर्यंत थांबा, परत भरा, हवा काढा. अर्ध्या तासाच्या कामाला अख्खा रविवार! दोनदा केलं, तिसऱ्यांदा कंटाळलो.

प्लेटही निर्दोष नाही. ती वॉटर पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये घेतली तर पंप तिच्या जाडीइतका पुढे येतो, क्रँकची पुली मात्र जागीच राहते. पुलीला स्पेसर (मध्ये घालायची जाड चकती) दिला नाही तर बेल्ट तिरका धावतो. माझा पंखाही रेडिएटरच्या जरा जास्तच जवळ गेला. आयडलला थरथर किंचित वाढल्यासारखी वाटते, पण तो माझा भासही असेल.

तरी कुठे धरायचं हे कधीकधी ब्लॉकच सांगतो. शेव्हरलेच्या 1955 ते 1957 च्या स्मॉल ब्लॉक व्ही8 इंजिनाला बाजूचे बॉसच नाहीत, ते 1958 पासून आले. त्याआधीची इंजिनं पुढे ब्लॉकच्या तोंडाशी आणि मागे बेलहाउसिंगशी (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाशी) धरलेली असत. अशा ब्लॉकच्या कुशीत ड्रिल घालण्यापेक्षा पुढची प्लेट मला तरी सरळ वाटते.

तुमच्या ब्लॉकला वापरात नसलेला भरीव बॉस असेल, आणि जाडी मोजून खात्री झाली असेल, तर भोकं खुशाल पाडा. मोजणी मात्र त्याच बिंदूवर करा, चार बोटं पलीकडे नको. एरवी मी प्लेटकडे झुकेन. दुसऱ्या गाडीचं रबर बदलताना इंजिनखाली जॅक दिला, दोन बोल्ट काढले, आणि बादली लागलीच नाही.